जादूगारांची वंशावळ

जादूगारांच्या घरीही वंशावळ असते आणि तीही आपल्या वंशावळींइतकीच पक्षपाती असते, हे मला उतारवयात कळलं. कळलं ते हॅरी पॉटरमुळे. ही पुस्तकं मराठीत आली, तेव्हा आमच्या रिसोडपर्यंतही पोचली. घरात आणली नातीसाठी, पण दुपारच्या वेळी ती माझ्याच उशाशी सापडू लागली. पोरांना त्यातले उडते झाडू आवडतात. माझा जीव अडकला तो ब्लॅक घराण्यात.

घराणं तसं वाईटच. लंडनमध्ये ग्रिमॉल्ड प्लेस या चौकात त्यांचं जुनं, कोंदट घर. दिवाणखान्याच्या भिंतीवर एक भलंमोठं जीर्ण कापड टांगलेलं आणि त्यावर सोनेरी धाग्यानं भरलेला अख्खा वंशवृक्ष. कित्येक शतकांची नावं. वर कुळाचं ब्रीद, फ्रेंच भाषेत: सदैव शुद्ध. शुद्ध म्हणजे ज्यांच्या रक्तात बिनजादूच्या माणसाचा थेंबही नाही असे. आता इतकं शुद्ध राहायचं, तर सोयरीक करायची कुणाशी? मग आपसातच. सिरियस ब्लॅक या आपल्या नायकाच्या धर्मपित्याचे आई आणि बाप दोघंही जन्मानं ब्लॅकच. हे वाचताना आपल्याकडच्या काही नामांकित घराण्यांची आठवण व्हावी, पण ते असो.

या घराण्यात मुलांची नावं ताऱ्यांवरून ठेवतात. नातीला मी आकाशाचा नकाशा काढून दाखवला. सिरियस म्हणजे आपला व्याध. रेग्युलस म्हणजे मघा नक्षत्रातला ठळक तारा. आर्कट्यूरस म्हणजे स्वाती, ओरायन म्हणजे मृग आणि अँड्रॉमेडा म्हणजे देवयानी. देवयानी! शुक्राचार्यांची लेक, जिनं जातकुळीबाहेर लग्न केलं. तिची आणि पुस्तकातल्या अँड्रॉमेडाची गाठ पडणं हा निव्वळ योगायोग आहे, पण मोठा छान योगायोग आहे. कारण अँड्रॉमेडा ब्लॅकनंही तेच केलं. आईबाप बिनजादूचे असलेल्या टेड टाँक्सशी तिनं लग्न केलं आणि कापडावरचं तिचं नाव जाळून टाकण्यात आलं.

हो, जाळून. ज्याचं नाव नको झालं, तिथे कापडाला एक बारीक काळं भोक. सिरियस सोळाव्या वर्षी घर सोडून मित्राकडे राहायला गेला, तेव्हा आईनं त्याचं नाव जाळलं. त्याच्या काकानं त्याच्यासाठी थोडं सोनं मागे ठेवलं, तर काकाचंही भोक झालं. हे सगळं २००३ सालच्या पाचव्या पुस्तकात आहे. पुढे २००६ साली लेखिका जे. के. रोलिंग यांनी हा वंशवृक्ष स्वतःच्या हातानं काढून एका धर्मादाय लिलावासाठी दिला; तो ३० हजार पौंडांना गेला म्हणतात. त्यात आणखी भोकं दिसतात. एकीनं बिनजादूच्या माणसाशी लग्न केलं म्हणून, एकानं त्या लोकांच्या हक्कांची बाजू घेतली म्हणून आणि एक बिचारा जन्मतःच जादू नसलेला निघाला म्हणून.

गंमत पुढेच आहे. सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस आईबापांचा लाडका. तो दुष्टांना जाऊन मिळाला, मग पस्तावला, गुपचूप त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि त्यातच मेला. कापडाला ते कळलंच नाही. त्याचं नाव झळकत राहिलं! आणि सिरियस गेल्यावर ब्लॅक हे आडनाव खुंटलं. रक्त मात्र पुढे गेलं ते लेकींकडून. एक धारा नार्सिसाची, आणि दुसरी त्या अँड्रॉमेडाची. तिची मुलगी झाली, मुलीला मुलगा झाला. सगळ्या कथेच्या शेवटी हा नातू आहे, तो जळलेल्या भोकातून उगवलेला.

आपल्याकडे कुणी कापड जाळत नाही. आपली पद्धत जास्त सभ्य आहे, आपण नाव लिहीतच नाही.

आमच्या घरी लाल फडक्यात बांधलेली वंशावळ आहे. पूर्वी भाट यायचे, पिढ्या म्हणून दाखवायचे, धान्य-कापड घेऊन पुढच्या गावी जायचे. त्यांच्याकडून ऐकून आमच्या पणजोबांनी ती उतरवली. नऊ पिढ्या आहेत आणि बाई एकही नाही. नऊ पिढ्यांचे पुरुष जणू एकमेकांच्या खांद्यातून निघाले! माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे एकच शब्द आहे: निर्वंश. त्यांना चार मुली होत्या. चारी नांदल्या, लेकुरवाळ्या झाल्या. मी लहानपणी आजीला याबद्दल विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘लेक तं परक्याचं धन. तिचं नाव कायले लिवतं?’’

पण हा याच मातीचा आदिकालापासूनचा रिवाज आहे असं कुणी म्हणेल, तर तसंही नाही. आमचा वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला, पण वाशीम मात्र फार जुनं. ते वाकाटकांचं वत्सगुल्म. वाकाटकांची दुसरी शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनची. तिथली राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा गेल्यावर मुलं लहान होती म्हणून तिनंच राज्य चालवलं. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटात सुरुवातीला वंशावळ आहे, ती माहेरची, गुप्तांची! गोत्रही तिनं वडिलांचंच सांगितलं आहे, धारण. सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका बाईनं हे तांब्यावर कोरून घेतलं. आमच्या आजीला कुणी हे सांगायला हवं होतं.

वत्सगुल्मच्या शाखेची गोष्ट निराळी. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा राजाही होता आणि कवीही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या कोरीव लेखात त्याचं नाव आहे, पण लेख इतका झिजलेला की आधीच्या अभ्यासकांना ते लागलंच नव्हतं. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट मिळाला. त्यात ‘सर्वसेन’ स्पष्ट होतं. मग नागपूरच्या वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि राजा आपल्या जागी येऊन बसला. त्याच लेखात पुढे एक राजा आठ वर्षांचा असताना गादीवर आल्याचं लिहिलं आहे. त्याचं वय दगडावर टिकलं, पण नाव तेवढं झिजून गेलं.

जादूच्या परंपरेचंच बोलायचं, तर आपल्याकडे नवनाथ आहेत. त्यांना जादूगार म्हटलेलं भाविकांना रुचणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’चे चाळीस अध्याय ऐकत वाढलेल्या पोराला हॅरी पॉटरचं फारसं नवल वाटत नाही, एवढं मी अनुभवानं सांगतो. धुंडिसुत मालूंच्या या पोथीत मच्छिंद्रनाथ मासळीच्या पोटी, जालिंदर यज्ञकुंडात, कानिफा हत्तीच्या कानात, गोरक्ष उकिरड्यावरच्या राखेत आणि गहिनी तर मुलांनी खेळायला केलेल्या चिखलाच्या बाहुल्यातून जन्मला. ब्लॅकबाईंनी यांना कापडावर कुठे भरलं असतं? इथे रक्ताचा प्रश्नच नाही. एकानं विद्या दुसऱ्याच्या हाती दिली की पिढी झाली. गहिनीनाथांनी ती निवृत्तीला दिली, निवृत्तीनं ज्ञानदेवाला. ज्ञानदेवांनी ही परंपरा ज्ञानेश्वरीच्या शेवटी स्वतःच सांगितली आहे. आणि ती सांगणाऱ्या त्या भावंडांना गावानं संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात नातीनं चार मोठे कागद डिंकानं जोडले आणि आमची वंशावळ नव्यानं काढायला घेतली. लेकी, सुना, त्यांची माहेरं, जावई, सगळे. तिच्या मते वंशावळ म्हटली की ब्लॅकांच्यासारखी भिंतभर हवी. ‘निर्वंश’ या शब्दाखाली तिनं चार रेघा ओढल्या. मी मेहकरला आणि सेनगावला फोन केले, एका चुलतबहिणीकडे जाऊन आलो, एकीच्या पणतूनं तर लग्नपत्रिकाच पाठवली. तीन नावं मिळाली आणि त्या तीन रेघांखाली बघता बघता साठ-सत्तर माणसं जमली. चौथी सगळ्यांत धाकटी होती. तिला लोणारला दिली होती आणि ती पहिल्याच बाळंतपणात गेली, एवढं दोघांनी सांगितलं. नाव कुणालाच आठवेना. नातीनं तिथे एक छोटं वर्तुळ काढून ते कोरं ठेवलं आणि खाली लिहिलं: लोणार.