मंडपाच्या दारातले सौजन्य

नाटकाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. नाटककार, दिग्दर्शक, नट, नेपथ्यकार या सर्वांच्या गुणदोषांची चर्चा होते. अलीकडे प्रेक्षकाच्या अभिरुचीविषयीही चिंता व्यक्त केली जाते. परंतु प्रेक्षक आणि नाटक यांच्यामध्ये, अगदी दाराशी, एक माणूस उभा असतो. तो तिकीट पाहतो, अंधारात बॅटरीचा झोत जमिनीकडे धरून जागा दाखवितो, उशिरा येणाऱ्याला थांबवितो आणि बोलणाऱ्याला गप्प करतो. शहरातल्या नाट्यगृहात त्याला डोअरकीपर म्हणतात. खेड्यातल्या मंडपात तो मंडळाचा स्वयंसेवक असतो. प्रेक्षकाशी त्याची गाठ पडते ती जेमतेम मिनिटभर. तथापि त्या मिनिटात दोघे एकमेकांशी कसे वागतात, यावरून त्या समाजाचे नागरिकत्व किती मुरलेले आहे याचा अंदाज बांधता येतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात मांडण्याचे कारण उघड आहे. या दोन जिल्ह्यांत, तसेच शेजारच्या भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत पसरलेला धानाचा आणि जंगलाचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. दंडार, खडीगंमत यांसारख्या लोककलांच्या मातीतून उगवलेली झाडीपट्टी रंगभूमी आजही तिकीट विकून चालते. दिवाळीनंतर धान कापणीला लागले की नाटकांचा हंगाम उभा राहतो आणि तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. वडसा म्हणजेच देसाईगंज हे या व्यवसायाचे केंद्र. तेथे नाट्यमंडळांची कार्यालये थाटली जातात आणि गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवून जातात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाट होण्याच्या सुमारास पडतो. याच रंगभूमीवर आयुष्य वेचलेले, गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेक वाचकांना या रंगभूमीचे नाव प्रथमच कळले.

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नाटक करणारी मंडळी बाहेरून येतात. परंतु नाटकाचा यजमान गाव असतो. गावातील मंडळ नाटकाची ठरीव रक्कम मोजते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि नफा-तोटा अंगावर घेते. घरोघरी पाहुणे येतात, लेकी-जावई येतात, लग्नाच्या सोयरिकीही या निमित्ताने जुळतात. अनेक गावांत शंकरपटाचा दिवस आणि नाटकाची रात्र यांची सांगड असे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि पुढे अनेक वर्षे बंद राहिल्या. पण नाटक थांबले नाही, कारण नाटक हे गावाच्या पाहुणचाराचे अंग बनलेले होते.

साहजिकच येथे दाराशी उभा असणारा तरुण हा पगारी नोकर नसतो. दिवसा तो बांधावर किंवा महाविद्यालयात असतो. समोरून येणारी बाई त्याची मावशी असते, म्हातारा शेजारच्या गावचा मामा असतो, तिसरा कोणी कुणाचा तरी जावई असतो. ‘भाऊ, जरा सरका,’ ‘माय, इकडून या,’ ‘जवाईबापू, तुमची जागा पुढं हाय,’ अशी ही भाषा. तिच्यात ‘कृपया’ नाही, ‘आभारी आहोत’ नाही. पण मान आहे. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यालाही हा तरुण प्रथम नावाने हाक मारतो, खांद्यावर हात ठेवतो आणि बाहेर घेऊन जातो. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. तरीही हा प्रसंग कधी येतच नाही असे कोणी म्हणणार नाही. त्या वेळी पोलिसाच्या काठीपेक्षा ओळखीचा हात अधिक उपयोगी पडतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या वागणुकीचे स्पष्टीकरण देणे कठीण नाही. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या सहकार्यावरील ग्रंथात असे दाखविले की, दोन स्वार्थी माणसेही एकमेकांशी नीट वागू लागतात, मात्र त्यासाठी त्यांची पुन्हा पुन्हा गाठ पडणार आहे हे त्यांना ठाऊक असावे लागते. उद्याच्या भेटीची सावली आजच्या वागण्यावर पडते. झाडीपट्टीत ही सावली दाट आहे. आज माझ्या गावात नाटक आहे, पुढच्या आठवड्यात तुझ्या गावात. आज मी दारात उभा आहे, उद्या मी तुझ्या दारात तिकीट घेऊन येणार आहे. यजमान आणि पाहुणा यांच्या भूमिका हंगामभर अशा फिरत राहतात. म्हणूनच येथील सौजन्य शिकवावे लागत नाही.

शहरातल्या नाट्यगृहात ही सावली नसते. तेथील डोअरकीपर आणि प्रेक्षक एकमेकांना पुन्हा भेटण्याचा संभव थोडा, आणि भेटले तरी ओळखण्याचा त्याहून थोडा. मग तेथे सौजन्य कशाच्या आधारावर उभे राहावे? जगात याची निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. पॅरिसच्या नाट्यगृहांत जागा दाखविणाऱ्या स्त्रिया दीर्घकाळ प्रेक्षकांच्या बक्षिसीवर जगत. परिणामी जागा दाखविणे हे सौजन्य न राहता हात पुढे करण्याचे निमित्त झाले आणि प्रेक्षकही त्यांना टाळू लागले. अमेरिकेत अनेक छोट्या नाट्यगृहांत हे काम हौशी स्वयंसेवक करतात आणि मोबदल्यात प्रयोग विनामूल्य पाहतात. म्हणजे दारातला माणूसही नाटकाचा रसिकच असतो. आपल्या शहरांत बहुधा तिसरा मार्ग दिसतो. हे काम कंत्राटावर दिले जाते, माणसे वरचेवर बदलतात, त्यांना कोणी काही शिकवीत नाही, आणि मग ती उद्धट आहेत अशी तक्रार आपण करतो.

प्रेक्षकाची बाजूही निर्दोष नाही. तिकिटाचे दर वाढले तसा ‘पैसे मोजले आहेत’ हा एक नवा युक्तिवाद जन्माला आला. उशिरा यावे, ओळभर लोकांच्या पायांवरून जावे, मोबाइल वाजू द्यावा, आणि डोअरकीपरने हटकले की पैसे मोजल्याची आठवण करून द्यावी. 2019 साली नाशिक येथे नट सुमीत राघवन यांनी वाजणाऱ्या मोबाइलला कंटाळून आपल्या नाटकाचा प्रयोग थांबविला, तेव्हा या प्रश्नाची बरीच चर्चा झाली. मोबाइल वाजविणाऱ्याला दंड करावा, अशी सूचना अशा वेळी हटकून केली जाते. तिचा विचार जपून केला पाहिजे. इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांना तेथे दंड लावण्यात आला, तेव्हा उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले. आणि दंड मागे घेतल्यावरही पूर्वीची लाज परत आली नाही. दंडाची पावती म्हणजे उशीर करण्याचा परवाना, असा अर्थ पालकांनी घेतला होता. सौजन्याला किंमत लावली की ते विकत न घेण्याचेही स्वातंत्र्य मिळते, हा त्यातला बोध.

तेव्हा खेड्यातले आपलेपण चांगले आणि शहरातला व्यवहार वाईट, असा सोपा निष्कर्ष काढून थांबावे काय? मला तसे वाटत नाही. नात्यावर उभ्या असलेल्या सौजन्याला एक मर्यादा आहे आणि ती आपण मोकळेपणाने पाहिली पाहिजे. ते आप्ताला मिळते. परक्यापर्यंत पोचतेच असे नाही. ज्याचा गावात मामा नाही, ज्याला कोणी नावाने ओळखत नाही, जो दूरच्या टोल्यावरून मजुरीचे पैसे वाचवून जमिनीवरच्या जागेचे तिकीट घेऊन आला आहे, त्याच्याशी दारातला तरुण कोणत्या स्वरात बोलतो? मावशीला ‘माय’ म्हणणारा तोच मुलगा त्याला ‘ए, मागं सरक’ म्हणत असेल, तर त्या सौजन्याचे मोल आपण किती मानावे?

याच ठिकाणी तिकिटाचे महत्त्व ध्यानी येते. तिकीट हा कागदाचा लहानसा तुकडा खरा. पण तो समतेचा दस्तऐवज आहे. ज्याच्या हाती तिकीट तो मंडपाचा पाहुणा. त्याची जात, त्याचे शेत, त्याचे कपडे विचारण्याचा अधिकार दारातल्या माणसाला उरत नाही. नात्याने दिलेला मान आणि तिकिटाने दिलेला हक्क या दोहोंची गाठ जेथे पडते, तेथे खरे सार्वजनिक सौजन्य सुरू होते.

आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडे एक विपरीत प्रथा रुजली आहे. झाडीपट्टीतील नाटकाची जाहिरात पाहिली की नटांच्या नावांबरोबर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्यांची लांबलचक यादी दिसते. मंडळाचीही यात अडचण आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मंडप, वीज आणि नाटकाची रक्कम यांचा खर्च केवळ तिकिटावर भागेल याची शाश्वती नसते आणि देणगीचा आधार लागतो. परंतु पाहुणे ठरल्या वेळी येत नाहीत. ते येईपर्यंत नाटक खोळंबते. ते येतात तेव्हा सोबत आणखी माणसे असतात, आणि मग पुढच्या रांगेतील माणसांना उठविण्याचे काम कोणाकडे येते? त्या दारातल्या तरुणाकडे. ज्या वृद्धाला त्याने तासापूर्वी हात धरून बसविले, त्यालाच ‘बाबा, उठा जरा’ म्हणण्याची पाळी त्याच्यावर येते. म्हाताऱ्याने तिकीट घेतलेले असते; पाहुण्याने घेतलेले नसते.

त्या क्षणी उद्धट कोण? उठविणारा तरुण उद्धट दिसतो, शिव्या त्याला बसतात. वस्तुतः तो दुसऱ्याचा उद्धटपणा वाहून नेणारा हमाल असतो. शहरातल्या नाट्यगृहातही चित्र फारसे वेगळे नाही. राखीव म्हणून अडविलेल्या रांगा, आयत्या वेळी आलेल्या शिफारशी, ओळखीने आत सोडलेले विनातिकीट रसिक या सर्वांचा भार शेवटी डोअरकीपरच्या तोंडावर पडतो. दारातल्या माणसाचे सौजन्य त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या संयोजकांच्या धैर्यावर अधिक अवलंबून असते, हे सत्य आपण तक्रार करताना विसरतो.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. मंडळाने पाहुण्यांसाठी किती खुर्च्या ठेवायच्या हे आधी ठरवावे, त्या मोजून वेगळ्या काढाव्यात आणि तिकीट घेऊन बसलेल्या माणसाला कोणत्याही कारणाने उठविले जाणार नाही, असे ध्वनिक्षेपकावरून एकदा सांगून टाकावे. उद्घाटनाची भाषणे नाटकाच्या जाहीर वेळेपूर्वी संपवावीत; पाहुणे न आल्यास गावातील एखाद्या ज्येष्ठ शेतकऱ्याच्या किंवा शिक्षिकेच्या हस्ते नारळ फोडावा. दारावरील मुलांना संध्याकाळी अर्धा तास एकत्र बसवून काय बोलायचे, स्त्रियांच्या बसण्याच्या व परतण्याच्या वाटेवर लक्ष कसे ठेवायचे, वाद झाल्यास कोणाला बोलवायचे हे सांगावे. मुख्य म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यांना द्यावा आणि तो त्यांनी वापरला असता त्यांच्या पाठीशी उभे राहावे. शहरातील नाट्यगृहांनी दारातल्या माणसाला रीतसर वेतन, बसायला स्टूल आणि छातीवर नावाची पट्टी द्यावी. नाव माहीत असलेल्या माणसावर ओरडणे थोडे अवघड जाते.

प्रेक्षकाचे कर्तव्य याहूनही सोपे आहे. वेळेवर यावे, न मागता तिकीट दाखवावे, मोबाइल बंद करावा, खर्रा खाऊन मंडपात थुंकू नये, आणि जागा दाखविणाऱ्याकडे क्षणभर पाहावे. आपण शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्यापैकी बहुतेकांना दिवसभर कोणत्या ना कोणत्या दाराशी उभे राहावे लागते; कधी दार अडविणारे म्हणून, कधी आत जाऊ पाहणारे म्हणून. कार्यालयाच्या खिडकीशी आपल्याला जी वागणूक मिळावी असे वाटते, ती मंडपाच्या दारात देण्यापासून सुरुवात करता येईल.

झाडीपट्टीने महाराष्ट्राला रात्रभर जागणारा, पदरचे पैसे मोजून नाटक पाहणारा प्रेक्षक दाखविला. नाटक संपल्यावर पहाटेच्या थंडीत हजारो माणसे आपापल्या वाटेने निघतात, तेव्हा त्यांच्या मनात नायिकेचे दुःख असते, विनोदी नटाच्या कोट्या असतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात ‘मला उठविले’ ही सल असू नये, एवढे साधले तरी त्या रात्रीचा यजमान म्हणून गावाने आपले कर्तव्य केले असे म्हणता येईल.