हापूसची पेटी आणि जर्मनीची वेस

मुंबईहून वा इस्राएलहून जर्मनीतील आप्तांच्या भेटीस निघताना चार आंबे किंवा अंगणातील कढीपत्ता पिशवीत घालण्याचा मोह कोणास होत नाही? तथापि तेथील विमानतळावर या वस्तू काढून घेतात, आणि ‘एवढ्याशाने यांचे काय बिघडणार होते?’ असा प्रश्न मनात उठतो.

जर्मन लोकांस याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. १९१२ साली तेथील आल्लर नदीत एक अपरिचित खेकडा सापडला. हा चिनी खेकडा जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून आला असावा, असे मानतात. पुढे त्याने नद्यांचे काठ पोखरले, कोळ्यांची जाळी फाडली. आजही तो तेथे आहे. त्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. केवढी ही दिरंगाई!

२००४ सालीच बव्हेरियातील नॉयकिर्खेन येथे लांब मिशांचा एक आशियाई भुंगेरा आढळला. मालाच्या लाकडी खोक्यांतून येणाऱ्या या किड्याच्या अळ्या जिवंत झाडांची खोडे पोखरतात. झाडे तोडावी लागली. व्यापार मात्र थांबला नाही. खोक्यांचे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून त्यावर शिक्का मारण्याचा नियम युरोपने २००५ पासून लागू केला.

आपल्या कोकणास याची झळ २०१४ साली बसली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखी कीड निघाल्यामुळे युरोपीय संघाने १ मेपासून आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांवर बंदी घातली. ऐन हंगामात! रत्नागिरी-देवगडच्या बागाइतदारास, ज्याचा माल निर्दोष होता त्यासही, ही शिक्षा झाली, हे आम्हांस कठोरच वाटते. परंतु जर्मनीत उतरलेले फळ दुसऱ्या दिवशी विनातपासणी इटलीच्या उबदार बागांपर्यंत पोहोचू शकते, हेही खरे. अखेर गरम पाण्याने मार्ग काढला: ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलेला आंबा माशीच्या अळ्यांपासून मुक्त होतो. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या आरंभी आंब्यावरील बंदी उठली.

प्रवाशांसाठी १४ डिसेंबर २०१९ पासून नियम अधिक कडक आहेत. युरोपीय संघाबाहेरून, म्हणजे इस्राएलहूनही, ताजी फळे व पाने नेण्यास वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अपवाद पाचच फळांचा: केळे, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. म्हणजे मलिद्याच्या ताटातील केळी, नारळ व खजूर बिनदिक्कत न्यावेत. सफरचंदे तेथील बाजारातूनच घ्यावीत.