सोशल मीडियाचे नियम शिकवायचे कसे?

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल: कर्मचाऱ्यांना सोशल मीडियाचे नियम ऑनलाइन शिकवायचे, आणि ते त्यांनी झोप न येता शिकायचे. असे वर्ग आम्हीही घेतले आहेत, आणि सुरुवातीचे वाईट घेतले. चाळीस स्लाइड्स, शेवटी दहा प्रश्न. सगळे पास! उत्तरं सोपी होती म्हणून नव्हे. सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, हे लोकांनी ओळखलं होतं.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये याबद्दल शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक खात्यावरच्या रील्समध्ये गणवेश, सरकारी गाडी, इमारत नको. मोडलं तर शिस्तभंगाची कारवाई. कंत्राटी माणसालाही हे लागू आहे, म्हणजे चूक झाली तर ज्याची नोकरी आधीच कच्ची आहे त्यालाही फटका.

आता हा निर्णय पडद्यावर वाचून दाखवला की प्रशिक्षण झालं असं बरेच जण समजतात. पण चूक होते कशी, बघा. तलाठी रात्री जेवून बसलाय. अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईची यादी त्याच्या फोनमध्ये आहे, नावं आणि खाते क्रमांकांसकट. चुलत भावाचा मेसेज येतो, "दादा, आपलं नाव आलं का? यादीचा फोटो टाक ना ग्रुपवर." त्या क्षणी त्याच्या डोक्यात 'गोपनीय दस्तऐवज' हा शब्दच नसतो. डोक्यात असतो भाऊ, आणि नाही म्हटलं तर दिवाळीत ऐकावं लागणारं बोलणं.

म्हणून आम्ही आता पाठ तिथून सुरू करतो. पडद्यावर ती चॅट दिसते आणि शिकणाऱ्याने उत्तर निवडायचं: फोटो टाकायचा, फक्त भावाला खाजगीत पाठवायचा, की नकार द्यायचा. मधला पर्याय मुद्दाम मोहाचा ठेवतो. बरेच जण तोच निवडतात. मग 'चूक' असा लाल शेरा येत नाही, पुढची चॅट येते. भावाने तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकलेला असतो, दादा 'डिलीट कर' म्हणतो, तोवर दोघांनी स्क्रीनशॉट काढलेला असतो. इथे मात्र शिकवणारे बहुतेकदा थांबतात आणि घोटाळा होतो. नकार कसा द्यायचा, ते वाक्य द्या ना! "यादी जाहीर झाली की चावडीवर लागेल, तिथे बघू." हे वाक्य लोकांना खरंच उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट वेळेची. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर मात्र स्वतः आठवून लिहिणारे पुढे जातात. आपली परीक्षा नेमकी पाच मिनिटांनी असते, म्हणून निकाल छान दिसतो. तासाभराच्या एका वर्गापेक्षा दर आठवड्याला फोनवर एक प्रसंग पाठवा. दोन मिनिटं पुरतात.

आणि नुसतं 'नको, नको' नको बरं का. त्याच शासन निर्णयात कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप-टेलिग्राम चालेल असं आहे. योजनेच्या यशाबद्दल लिहिता येईल, फक्त स्वतःची स्तुती टाळा, असंही आहे. हे किती प्रशिक्षणांत सांगतात? भीती घातली की लोक एकतर गप्प बसतात, नाहीतर दुसऱ्या नावाने खातं काढतात.

अवघड जागा आहे ती 'प्रतिकूल टीका' या शब्दांची. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं होतं, की सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही. वर्तणूक नियमांच्या मर्यादा तेवढ्या पाळायच्या. मग स्वतःच्या गावच्या खड्ड्यांबद्दल लिहिलं तर ती टीका की तक्रार? याला बटण दाबून उत्तर देता येत नाही. एवढा एक प्रसंग आम्ही रेकॉर्ड केलेल्या पाठातून काढला आहे. तो पंधरावीस जणांच्या थेट वर्गात घेतो, आस्थापना शाखेतला कुणीतरी समोर बसवून, आणि तिथे भांडणं होतात. होऊ देतो.