स्वनातीत क्षेपणास्त्रांचे मार्गदर्शन

स्वनातीत क्षेपणास्त्रांचे मार्गदर्शन म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणारे अस्त्र सुटल्यापासून लक्ष्यावर आदळेपर्यंत योग्य मार्गावर राखण्याची प्रक्रिया होय. हे काम माणूस व संगणक यांच्यात विभागलेले असते. लक्ष्य ठरवणे आणि अस्त्र डागण्याचा आदेश देणे या बाबी माणसाकडे असतात, तर उड्डाणातील दिशा-दुरुस्ती संगणक करतो. महाराष्ट्रात या क्षेत्रातील महत्त्वाचे काम नाशिक व पुणे येथे झाले आहे.

पार्श्वभूमी

प्रारंभीच्या मार्गदर्शित अस्त्रांमध्ये दिशा देण्याचे काम माणूसच करीत असे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या फ्रिट्झ-एक्स या बाँबला विमानातील सैनिक रेडिओ संदेशांद्वारे वळवीत असे. ९ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची 'रोमा' ही युद्धनौका याच बाँबने बुडाली. भारतीय सैन्याने वापरलेल्या मिलान या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रात सैनिक दुर्बिणीतील खूण लक्ष्यावर धरून ठेवतो आणि दिशेतील फरक यंत्र तारेतून कळवते. मिलानचा वेग ध्वनीपेक्षा कमी असल्याने हे शक्य होते.

ब्राह्मोस व नाशिक

भारत व रशिया यांनी मिळून विकसित केलेल्या ब्राह्मोस क्षेपणास्त्राची पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी चांदीपूर येथे झाली. त्याचा वेग ध्वनीच्या सुमारे २.८ पट, म्हणजे सेकंदाला जवळपास ९५० मीटर आहे. माणसाला एखादी गोष्ट दिसून त्यावर प्रतिक्रिया देण्यास साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ब्राह्मोस सुमारे २४० मीटर पुढे गेलेले असते. त्यामुळे ते हाताने वळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मार्गाच्या मोठ्या भागात जडत्वीय दिशादर्शन यंत्रणा आणि अखेरच्या टप्प्यात क्षेपणास्त्राच्या टोकातील रडार त्याला लक्ष्याकडे नेतात.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागाने सुखोई-३० एमकेआय विमानात या क्षेपणास्त्रासाठी आवश्यक बदल केले. सुमारे अडीच टनांचे ब्राह्मोस घेऊन सुखोईने २५ जून २०१६ रोजी नाशिक येथे पहिले उड्डाण केले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरातील लक्ष्यावर ते विमानातून प्रथमच डागण्यात आले. क्षेपणास्त्र आधी विमानापासून सुटून खाली पडते व नंतर त्याचे इंजिन पेटते. लक्ष्याची माहिती त्याला सुटण्यापूर्वीच दिलेली असते. सुटल्यानंतर वैमानिकाला ते हाताने चालवता येत नाही.

पिनाका

पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने पिनाका ही अग्निबाण प्रणाली विकसित केली. कारगिल युद्धात वापरले गेलेले मूळ अग्निबाण अमार्गदर्शित होते. नेम तोफखान्याच्या गणितावर अवलंबून असे आणि बाण सुटल्यावर वाऱ्यामुळे पडणारा फरक दुरुस्त करता येत नसे. पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळांच्या सहकार्याने त्यावर दिशादर्शक संगणक व वळणारे लहान पंख बसवण्यात आले. मार्गदर्शित पिनाकाची यशस्वी चाचणी जानेवारी २०१७ मध्ये चांदीपूर येथे झाली.

मियाँ चन्नू दुर्घटना

९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नू येथे पडले. जीवितहानी झाली नाही. ११ मार्च रोजी भारत सरकारने नियमित देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाड झाल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र वायुसेनेने ते ब्राह्मोस असल्याचे, तसेच ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीपासून विचलन झाल्यामुळे ते सुटल्याचे जाहीर केले. तीन अधिकाऱ्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये घडलेल्या या घटनेत दोष उड्डाणातील संगणकावर नव्हे, तर जमिनीवरील माणसांच्या कार्यपद्धतीवर ठेवला गेला, हे येथे विशेष लक्षणीय आहे.

बचावातील निर्णय

बचाव करणाऱ्याकडे आणखी कमी वेळ असतो. समुद्रसपाटीपासून दहा मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र वीस मीटर उंचीवरील रडारला पृथ्वीच्या वक्रतेमुळे सुमारे ३० किलोमीटरवरच दिसू लागते. ब्राह्मोसच्या वेगाने हे अंतर अर्ध्या मिनिटात कापले जाते. म्हणून अनेक युद्धनौकांवरील बचाव यंत्रणा स्वयंचलित पद्धतीने चालवण्याची सोय असते.

तिचे धोके दोन्ही बाजूंनी दिसले आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे पेट्रियट यंत्रणेच्या संगणकातील कालगणना सुमारे ०.३४ सेकंदाने चुकली. येणाऱ्या स्कडचा शोध चुकीच्या जागी घेतला गेला आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. २००३ च्या इराक युद्धात पेट्रियटने ब्रिटिश टोर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले. याउलट ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' युद्धनौकेवरील संगणक इराणचे प्रवासी विमान वर चढत असल्याचे बरोबर दाखवत होता, पण तणावाखालील कर्मचाऱ्यांनी ते खाली येत असल्याचे कळवले. त्या विमानातील २९० जण मृत्युमुखी पडले.

आंतरराष्ट्रीय चर्चा

स्वयंचलित प्राणघातक अस्त्रांविषयी जिनिव्हा येथे २०१७ मध्ये भरलेल्या सरकारी तज्ज्ञ गटाच्या पहिल्या बैठकीचे अध्यक्षपद भारताकडे होते. डिसेंबर २०२३ मध्ये या विषयावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आलेल्या ठरावाच्या विरोधात भारताने मतदान केले.