चातुर्मासासाठी चार पुस्तके

चातुर्मासात प्रवास कमी होतो आणि दुकान वाढवून मंडळी वेळेवर घरी परततात. स्वाध्यायाच्या जोडीला या दिवसांत वाचावीत अशी ही चार निरनिराळ्या प्रकारची पुस्तके.

आत्मचरित्र : ‘समयसार नाटक’चे कर्ते कविवर बनारसीदास जैन घरांत परिचित आहेत. त्यांचे ‘अर्धकथानक’ (१६४१) हे पद्यात रचलेले, भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांपैकी एक. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी निम्मी कथा सांगितली, म्हणून हे नाव. जौनपूरच्या जवाहिऱ्याचा हा मुलगा व्यापारासाठी आग्र्यास गेला, माल गमावून बसला आणि कित्येक महिने एका कचोरीवाल्याच्या उधारीवर जगला. पुढे ती उधारी त्याने चुकती केली. तारुण्यातील स्वैर वर्तन, नऊ अपत्यांचा वियोग, स्वतःचे गुण आणि दोष, यांतले काहीही त्यांनी झाकलेले नाही. आपल्याकडे धंद्यात खोट आली की ती घरातील मुलांपासूनही लपवली जाते. वडील तोट्यातून कसे सावरले, हे ज्या मुलाला कधीच कळत नाही, त्याला स्वतःची पहिली खोट जगबुडीसारखी वाटते. म्हणून हे पुस्तक पितापुत्रांनी एकत्र वाचावे.

कथा : परभणीचे पत्रकार-कथाकार आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मोंढ्यातील आडतीवर शेतकरी भेटतो तो पट्टी हाती पडेपर्यंतच. गावाकडचे त्याचे जगणे या कथांत दिसते.

इतिहास : दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. लेखक स्वतः त्या लढ्यातले. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणते दिवस पाहिले, हे नव्या पिढीला यातून उमगेल.

काव्य : सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’, स. आ. जोगळेकर यांनी मराठीत आणलेली. तिची महाराष्ट्री प्राकृत ही जैन आगमांवरील जुन्या कथा-टीकांच्या भाषेची सख्खी बहीण. गाथा शृंगारप्रधान आहेत, पण त्यांत शेत, नदी आणि गावगाडाही आहे. सातवाहनांची राजधानी पैठण तर आपल्या शहरापासून अवघ्या ५० किलोमीटरवर.

चारही पुस्तके एका चातुर्मासात पूर्ण होतीलच असे नाही. एकच निवडायचे झाल्यास ‘अर्धकथानक’ निवडावे आणि ते संपल्यावर घरातील ज्येष्ठांना त्यांच्या पहिल्या तोट्याची हकिकत विचारावी.