एका निनावी पत्राची शहानिशा

जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या सोव्हिएत पक्षाकडे उघड कल असलेल्या इंग्रजी दैनिकात न्यूयॉर्कच्या कोणा ख्यातनाम शास्त्रज्ञाचे म्हणून एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. एड्स हा रोग अमेरिकी युद्धखात्याने मेरीलँडमधील फोर्ट डेट्रिक येथे प्रयोगांती निर्माण केला असून तसलेच प्रयोग आता पाकिस्तानात हलविण्याचा बेत आहे, सबब भारतालाही त्यापासून भय आहे, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. भारतात या रोगाच्या विषाणूची लागण प्रथम उजेडात आली ती १९८६ साली मद्रासेत, माहेरच्या गायतोंडे असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी केलेल्या तपासण्यांतून. म्हणजे रोगाचा येथे पत्ता लागण्यापूर्वी तीन वर्षे त्याविषयीचे असत्य येथे छापून झाले होते.

हे पत्र सोव्हिएत हेरखाते के. जी. बी. याची करणी होती. दिल्लीची निवड करण्यात मोठे धोरण होते. कारण मॉस्कोच्या सरकारी पत्राने केलेली तोहमत प्रतिपक्षाची म्हणून सहज बाजूस सारली जाते, तीच एखाद्या अलिप्त राष्ट्राच्या राजधानीत उमटली म्हणजे तिला त्रयस्थाच्या साक्षीचे वजन येते. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’ने हीच कथा पुन्हा मांडली, तेव्हा आधार म्हणून ‘पेट्रियट’कडेच बोट दाखविले. आपणच पेरलेला मजकूर परकीय पुरावा म्हणून परत उचलण्याची ही युक्ती आजही तशीच चालू आहे. पुढच्या वर्षी पूर्व बर्लिनचे जीवभौतिकशास्त्रज्ञ याकोब सेगल यांनी मेंढ्यांतील एक विषाणू आणि मानवी विषाणू यांच्या संयोगाची शास्त्रीय भाषेतील उपपत्ती या कथेस जोडून दिली, आणि तिची पुस्तिका हरारे येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत वाटली गेली.

असत्यास बळ येते ते त्यात मुरलेल्या सत्यांशामुळे. फोर्ट डेट्रिक येथे १९४३ पासून १९६९ पर्यंत जैविक अस्त्रांचे काम खरोखरच चालत असे. आणि अमेरिकी सरकारच्याच आरोग्यखात्याने टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीय उपदंशग्रस्तांना अंधारात व औषधावाचून ठेवले होते. ज्यांच्यावर असा अन्याय गुदरला, त्यांच्या संशयाला भोळेपणा म्हणणे मला अन्यायाचेच वाटते.

या अपप्रचाराचा प्रतिकार ज्यांनी केला ते मंडळ अगदी लहान होते. १९८१ साली अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यात निरनिराळ्या खात्यांतील अधिकारी एकत्र आणून ते नेमण्यात आले, आणि त्याचे पहिले प्रमुख डेनिस कक्स हे दक्षिण आशियाच्या राजकारणाचे जाणकार मुत्सद्दी होते. वकिलातींकडून आलेली कात्रणे तारीखवार लावावीत, कोणता मजकूर कोणत्या पत्रातून कोणत्या देशात गेला याचा माग काढावा, सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे आणि ते उघडपणे प्रसिद्ध करावे, अशी त्यांची कारकुनी वाटावी इतकी संथ रीत होती. अमेरिकेचे स्वतःचे हात या बाबतीत निर्मळ होते असे मुळीच नाही. तिच्या हेरखात्याने गुप्त प्रचारासाठी परदेशी पत्रकार हाताशी धरले होते, हे तिच्याच सिनेटच्या चौकशीत १९७६ साली बाहेर आले होते. तरीही या मंडळाने असत्याला असत्याने उत्तर दिले नाही आणि कोणत्याही वृत्तपत्राची मुस्कटदाबी मागितली नाही, ही गोष्ट मला लोकशाहीला शोभणारी वाटते.

मंडळाचा १९८७ चा अहवाल सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना इतका झोंबला की, त्या ऑक्टोबरात मॉस्कोस आलेले अमेरिकी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्यापुढे त्यांनी त्याविषयी तक्रार केली. शुल्ट्झ यांनी एड्सच्या कथेचाच दाखला दिला. हा प्रचार थांबल्यावाचून एड्स-संशोधनात सहकार्य होणार नाही, अशी समजही अमेरिकेने दिलेली होती, आणि रोग तर सोव्हिएत भूमीतही शिरला होता. महिनाअखेर मॉस्कोच्या ‘इझ्वेस्तिया’ दैनिकात रोआल्ड सागदेयेव आणि विताली गोल्दान्स्की या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या दोघा सदस्यांनी या आरोपाशी आपला संबंध नाकारला. त्याही आधी, १९८६ साली, विषाणुतज्ज्ञ व्हिक्तर झ्दानोव्ह यांनी ही कल्पना धुडकावून लावली होती. हे तेच झ्दानोव्ह, ज्यांनी १९५८ साली देवीच्या समूळ उच्चाटनाचा प्रस्ताव जागतिक आरोग्य संघटनेपुढे मांडला होता. ज्या राज्यातून खोटे निघाले, त्याच राज्यात राहून त्याला खोटे म्हणणाऱ्या या शास्त्रज्ञांचे ऋण या इतिहासात मला सर्वांत मोठे वाटते.

१९९२ साली रशियन हेरखात्याचे प्रमुख येव्गेनी प्रिमाकोव्ह यांनी या प्रचारामागे आपलेच खाते होते, अशी कबुली दिली. किन्शासा येथे १९५९ साली घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात हाच विषाणू सापडल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विषाणूंचे असे जनुकीय जोडकाम करण्याची विद्या १९५९ साली पृथ्वीवर कोठेच नव्हती. एवढे होऊनही २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, प्रश्न विचारलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हा विषाणू मानवनिर्मित असल्याचे मत दिले. आणि अशी समजूत बाळगणाऱ्या पुरुषांत संरक्षक साधनांचा नियमित वापर कमी आढळला.