पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट : अर्जापासून प्रबंधापर्यंत

१९४५ साली अ‍ॅना मणी या तरुण संशोधिकेने आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे सादर केला. बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली हिरा व माणिक यांवर केलेले ते काम होते. कामात उणे नव्हते. परंतु त्यांच्यापाशी एम. एस्सी.ची पदवी नाही, एवढ्या कारणावरून त्यांना डॉक्टरेट नाकारण्यात आली. पुढे भारतीय हवामान खात्यात उपकरणनिर्मितीचे मोठे कार्य त्यांच्या हातून घडले. पदवीवाचून त्यांचे अडले नाही हे खरे. तथापि प्रत्येकाचेच भाग्य तसे नसते. म्हणून या वाटेने निघणाऱ्याने नियमांची ओळख आधी करून घ्यावी, हेच शहाणपणाचे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे एम. एस्सी.त किमान ५५ टक्के गुण, किंवा चार वर्षांच्या पदवी परीक्षेत किमान ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. राखीव गटांना यात सवलत आहे. त्यानंतर प्रवेशपरीक्षा येते. नेट, गेट आणि जेस्ट या तिन्ही परीक्षांची दारे वेगवेगळ्या संस्थांकडे उघडतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था स्वतःची निराळी परीक्षा घेते. एकाच परीक्षेवर सारी भिस्त ठेवणे इष्ट नव्हे. परीक्षेनंतर मुलाखत असते. तेथे पाठांतराला किंमत नाही. साधा लंबक किंवा उष्णतेचा दुसरा नियम विद्यार्थ्याला मुळापासून उलगडता येतो की नाही, हे तेथे पाहिले जाते.

मध्यमवर्गीय घरात प्रश्न उभा राहतो तो पोटापाण्याचा. मुलगा वा मुलगी तिशीपर्यंत शिकतच राहणार काय, ही आईवडिलांची चिंता अनाठायी नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास, जानेवारी २०२३ पासूनच्या दराने, पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. नुसता प्रवेश आणि शिष्यवृत्तीसह प्रवेश यांतील अंतर मोठे आहे. ते लक्षात न घेता निघालेल्याला पुष्कळदा अर्ध्या वाटेवरून परतावे लागते.

सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे मार्गदर्शकाची निवड. संस्थेच्या नावाची भुरळ पडते. पण पाच-सहा वर्षे सहवास घडतो तो एका व्यक्तीशी. त्यांच्या हाताखालून किती विद्यार्थी प्रबंध पुरा करून बाहेर पडले, त्यांना किती वर्षे लागली, आज ते कोठे आहेत, हे जुन्या विद्यार्थ्यांना एकांतात विचारावे. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाला चार विद्यार्थीच घेता येतात. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा जागा आहे की नाही, हे अर्जापूर्वीच विचारलेले बरे.

विषय निवडताना साधनांचाही विचार हवा. सैद्धांतिक कामाला ग्रंथ, गणकयंत्र आणि एकांत पुरतो. प्रायोगिक कामाचे तसे नाही. निर्वात पंप बिघडला किंवा द्रवरूप हेलियम मिळाले नाही, तर महिने वाया जातात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर देशभरातून संशोधक येतात. तेथे मिळणारा मोजका वेळ कारणी लावायचा, तर पूर्वतयारी घरूनच पक्की करून यावे लागते.

प्रवेशानंतर प्रथम काही अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. मग दर सहामाहीस सल्लागार समितीपुढे प्रगतीचा अहवाल ठेवावा लागतो. मुदत किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांची; पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रिया व दिव्यांग यांना त्याहून दोन वर्षे अधिक मिळू शकतात, आणि प्रसूतीसाठी २४० दिवसांपर्यंत रजेचीही तरतूद आहे. लग्न झाले म्हणून मुलीचे संशोधन संपले, असे मानणाऱ्या घरांनी हा नियम अवश्य ध्यानात घ्यावा.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी बहुतेकांना निराशा गाठते. सोबतचे मित्र नोकरीत स्थिरावलेले असतात आणि इकडे हाती आलेखांच्या भेंडोळ्यांखेरीज काही नसते. अशा वेळी दोन सवयी तारून नेतात. रोजच्या कामाची, फसलेल्या प्रयोगांसकट, नोंद ठेवणे ही पहिली. आणि प्रबंधाची प्रकरणे शेवटासाठी न राखता काम होईल तसतशी लिहीत जाणे ही दुसरी. मग प्रबंध संस्थेबाहेरील किमान दोन परीक्षकांकडे जातो व शेवटी तोंडी परीक्षा होते.

एवढ्या खटाटोपातून विश्वाचे कोडे सुटते असे नाही. सुटतो तो एखादा लहानसा प्रश्न. मात्र त्याचे उत्तर त्यापूर्वी कोणापाशीही नव्हते, आणि ते पारखून घेण्याची रीत आता विद्यार्थ्याच्या अंगी मुरलेली असते. नावामागे लागणाऱ्या अक्षरांपेक्षा ही रीतच अधिक मोलाची होय.